सगळ्यांचंच लोणचं नासलं तो उन्हाळा

आज सकाळी लोणच्यासाठी मेथ्या तळल्या, आणि त्या कडवट वासानं मला शहागंजमागच्या गल्लीत नेऊन सोडलं.

ह्यांना संधिवात होता. बोटं इतकी आखडली होती की शर्टाची गुंडीसुद्धा मीच लावायची. डॉक्टरांनी महागडी इंजेक्शनं सांगितली. शेजारच्या नफिसाआपांनी गल्लीतून वर्गणी गोळा करून पाकीट आणलं. मी ते दारातूनच परत केलं. "आम्ही फुकटचं घेत नाय," असं मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आपा कैऱ्यांची पाटी आणि रिकामी बरणी घेऊन हजर. "भाबी, आमचं लोणचं दर साली नासतं. तुमच्या हाताला बरकत हाय. घालून द्या, मजुरी घ्या."

संध्याकाळपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. गल्लीतल्या सगळ्यांचंच लोणचं नासत होतं. मी प्रत्येकीला गंभीरपणे सांगत होते, "ओला हात लावत असाल."

तीन उन्हाळे लोणची घातली. इंजेक्शनं एकदाही चुकली नाहीत.

पुढं एकदा आपांकडे जेवताना फडताळात जुनी बरणी दिसली. त्यांच्याच हातचं, कितीतरी वर्षांचं लोणचं, कालच घातल्यासारखं. मी ते दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"फोडी बारीक करू का?" दारात बसलेले हे विचारतात. मी वळून बघते. अडकित्त्याचा दांडा त्यांच्या मुठीत घट्ट आहे, आणि कैरी कोयीसकट खाडकन दुभंगते.