शिंगवाला भुंगेरा

कीटकांची पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला दौलताबादचा माळ आठवतो. कॉलेजात असताना मी तिथं वाळक्या खोडावरच्या बुरशीतले भुंगेरे वेचत होते. शिंगवाले एका डबीत, बिनशिंगाचे दुसऱ्या डबीत. दोन जाती सापडल्या म्हणून मी खुशीत!

मेंढरं चारणाऱ्या एक मावशी वाकून बघत म्हणाल्या, "जोडपं कशाला तोडलं गं? मेंढ्याला शिंगं असतात, मेंढीला नाय. ह्यांचं बी तसंच."

"मावशी, हे किडे आहेत," म्हणत मी हसले.

पुढं सूक्ष्मदर्शकाखाली ते खरंच नर-मादी निघाले. आता ते जोडपं एकाच लेबलाखाली आहे. त्यावर 'ओळख पटवली' या शब्दांपुढं माझं नाव आहे. मावशींचं नाव मी विचारलंच नव्हतं.