मावशींच्या गाडीचा चोक

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मावशींना अख्खा बाजार ओळखायचा, पण त्यांचं खरं नाव निम्म्यांना सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं त्या हत्यारांची पेटी घेऊन कपड्यांच्या कारखान्यांतून फिरल्या. आधी बसने, मग स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या जुन्या गाडीने. आता त्या अडुसष्टच्या होत्या, गाडीचंही वय झालं होतं, पण दोघींपैकी एकीलाही घरी बसायची सवय नव्हती.

त्या गाडीने एकाएकी काळा धूर ओकायला सुरुवात केली. तापली की आचके द्यायची आणि सिग्नलला हटकून बंद पडायची. मुलगा तिला गॅरेजमध्ये घेऊन गेला, मावशीही बरोबर गेल्या. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, लावलं, आणि त्या समोर उभ्या असताना मुलाला म्हणाला, "इंजिन कामातून गेलंय. पिस्टनच्या रिंगा संपल्या. आईंना म्हणावं, भंगारात द्या."

"आई इथंच उभी आहे," मावशी म्हणाल्या. "रिंगा गेल्या की तेल जळतं, धूर निळा येतो. हा काळा आहे. पेट्रोल जास्त जातंय."

"काकू, हे शिलाई मशीन नाही," तो हसत म्हणाला.

मावशी गाडीत बसल्या. आचके देणारी ती गाडी त्यांनीच घरी आणली.

"आता या वयात गाडी हवीच कशाला?" मुलगा म्हणाला. "रविवारी एक जण ती विकत घ्यायला येतोय."

"येऊ दे. चहा पिऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एअर फिल्टर काढला आणि इंजिन चांगलं तापू दिलं. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक पातळ झडप असते, तोच चोक. इंजिन गार असताना ती मिटते, हवा अडते, पेट्रोल जास्त जातं आणि गाडी चटकन सुरू होते. इंजिन तापलं की तिने आपसूक उघडायचं. ही मेली मिटून बसली होती. बाजूच्या गोल डबीतली वेटोळी स्प्रिंग विजेने तापून झडप उघडते, ती तापतच नव्हती.

चार दुकानं पालथी घातल्यावर एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून तशी डबी काढून दिली. मावशींनी तीन स्क्रू सोडले, जुनी डबी काढली, नव्या स्प्रिंगचं टोक खाचेत अडकवलं आणि तार जोडली. ते टोक तीनदा निसटलं, चौथ्यांदा बसलं.

पारख मात्र गार इंजिनावरच होते, म्हणजे सकाळी एकदाच. शनिवारी झडप उघडली, पण फार उशिरा. तोवर अंगणभर धूर.

"झालं समाधान?" मुलाने खिडकीतून विचारलं.

"नाही झालं. डबी जास्त फिरवली गेली माझ्याकडून, स्प्रिंग घट्ट झाली." त्यांनी ती केसभर मागे फिरवली, स्क्रू आवळले आणि दिवसभर गाडीला हात लावला नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा मावशी बॉनेट उघडून उभ्याच होत्या. त्यांनी आत बसून ॲक्सिलरेटर एकदा दाबला, झडप मिटली. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्याच झटक्याला धडधडलं. मग मुलाला आणि गिऱ्हाइकाला बॉनेटजवळ बोलावून म्हणाल्या, "आता नुसतं बघा."

झडप हळूहळू कलली आणि तीन-चार मिनिटांत सरळ उभी राहिली. इंजिनाचा आवाज खाली येऊन एका लयीत बसला. मावशींनी पांढरं फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं आणि मुलाच्या हातात दिलं. फडक्यावर काजळी नव्हती.

"वा, आता जास्त देतो," गिऱ्हाईक म्हणालं.

"विकायची असती तर दुरुस्त कशाला केली असती?" मावशींनी एअर फिल्टर परत बसवला, बॉनेट आपटून लावलं आणि हत्यारांची पेटी मागच्या सीटवर ठेवली.

"आई, आज रविवार आहे," मुलगा म्हणाला.

"कारखान्यात दोन मशीन अडलीत. त्यांना रविवार कळत नाही."

"परत कधी येशील?"

"काम संपलं की. आणि यांना चहा दे, लांबून आलेत."