आईचं काळं भांडं

आईचं काळं भांडं बाबांनी नागपूरहून कॅल्गरीपर्यंत मांडीवर घेऊन आणलं. बॅगेत टाका म्हटलं होतं, पण ऐकतील तर शपथ. विमानतळावर त्यांनी आधी ते दुलईच्या तुकड्यात गुंडाळलेलं भांडं माझ्या हातात दिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला रडू यायच्याऐवजी रागच आला. आई त्याच वर्षी गेली होती, आणि बाबांवरचा माझा राग तेव्हापासूनचा.

परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे देह ठेवायला बर्फाची पेटी आणतात. आमच्या ओळखीतले कितीतरी आईबाप पोरं पोचेपर्यंत असे थांबले आहेत. मीही मिळेल त्या विमानाने निघताना फोनवर तेवढंच मागितलं होतं, "बाबा, एक दिवस थांबा, मला पोचू द्या." ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मडकं चुलतभावाने धरलं होतं. आईचं तोंड मला शेवटचं दिसलं नाही. असं का केलंत, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मी एकुलती एक, आणि हट्ट बापाचाच उचललाय.

भांडं मणिपूरचं. लग्नानंतर बाबा रस्त्यांच्या सर्व्हेसाठी उखरूलच्या डोंगरात होते. तिथल्या लोंगपी गावात तांगखुल कारागीर काळा दगड कुटून त्याची पूड मातीत मळतात, चाकाशिवाय नुसत्या हाताने भांडं घडवतात, भाजतात, आणि तापलेलं असतानाच झाडपाल्याने घासतात. मग ते असं काळंभोर चमकतं. नागपूरच्या उन्हात वाढलेली आई त्या थंडीने हैराण झाली होती. जिच्याकडून भांडं घेतलं, त्या बाईच्या चुलीपाशीच ती दुपारभर बसून राहायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण शेकायला भाषा कशाला लागते, असं ती म्हणायची. थंडी तिला कधीच सोसली नाही. आमच्याकडे एकदाच आली, तेही सप्टेंबरात, तरी गरम हवा येते त्या जमिनीतल्या जाळीवर पाय ठेवून बसायची. "तुमच्या देशात माणसं जगतात कशी गं?"

माझा नवरा कामासाठी दूर उत्तरेला फोर्ट मॅकमरीकडे असायचा, त्यामुळे घरात बहुतेक आम्ही दोघंच. बाबांनी स्वयंपाक हातात घेतला. गॅस बंद केला तरी त्या भांड्यातलं वरण बराच वेळ रटरटत राहायचं आणि बाबा ते बघत उभे राहायचे. आम्ही मिठाबद्दल बोलायचो, विंटर टायर्सबद्दल बोलायचो, आईबद्दल नाही.

जानेवारीत आमच्याकडे संक्रांतीचं पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. बाहेर उणे तीस. अशा वेळी इथली आपली मंडळी गराजचाच फ्रिज करतात. मी वरून ओरडले, "बाबा, फ्रिज फुल आहे! बाकीचं गराजमध्ये ठेवा ना!"

थोड्याच वेळात टक् असा आवाज आला. मी धावले. बाबांनी गॅसवरचं भांडं उचलून थेट गराजच्या सिमेंटवर ठेवलं होतं. काठापासून खालपर्यंत तडा गेला होता आणि पिवळं वरण जमिनीवर पसरत होतं.

"बाबा, गरम भांडं असं थेट ठेवतात का?"

"तूच म्हणालीस ना."

"माझं कधीपासून ऐकायला लागलात? एक दिवस थांबा म्हटलं होतं, ते नाही ऐकलंत!"

तोंडातून निघून गेलं. बाबा नुसत्या मोज्यांवर त्या थंडीत उभे होते. म्हणाले, "तिनेच सांगितलं होतं, दवाखान्यात. पोरीची वाट बघायला मला बर्फात ठेवू नका, मला सोसणार नाही." मग म्हणाले, "आणि पोरीला सांगूही नका म्हणाली. तिला वाटेल, आई आपल्यासाठी थांबली नाही."

त्यांनी भांड्याकडे पाहिलं. "आणि हे मी बर्फात आणून ठेवलं."

बाबा रडत होते. त्यांना तसं रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचा हात धरायला हवा होता, पण मी आधी भांडं उचललं. बुडाला अजून ऊब होती. पोटाशी धरून आत आणलं. वरण अंगावर ओघळलं, स्वेटर कायमचा पिवळा झाला. गरम हवेच्या जाळीवर ते ठेवलं आणि आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसलो. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा आईबद्दल बोललो, पॉटलकची माणसं बेल वाजवेपर्यंत.

उन्हाळा लागताच बाबा नागपूरला परत गेले. भांडं माझ्याकडेच ठेवून गेले. त्यात आता काही शिजत नाही. पण इथे बर्फ पडल्याची बातमी दिसली की त्यांचा फोन येतो. टायर बदललेस का, दारातला बर्फ शोव्हल कोण करतं, सगळं विचारून होतं. मग विचारतात, "भांडं कुठंय?"

"जाळीपाशी आहे, बाबा," मी सांगते.

मगच ते फोन ठेवतात.