बत्तीसची हाफपँट

आमच्या दुकानात त्याला सगळे टेप म्हणतात, आणि मापाची टेप हातात धरलेलं त्याला मी एकदाही पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक दारातल्या पायपुसण्यावर बूट घासत असतं, तेवढ्यात हा काउंटरमागून आकडा सांगून मोकळा होतो. चौतीस. अडतीस. समोरचा म्हणतो, ‘नाही हो, माझी छत्तीस.’ हा वाद घालत नाही. दोन्ही मापं काढतो, ट्रायल रूमकडे बोट दाखवतो आणि घड्या घालत उभा राहतो. पाच मिनिटांनी गिऱ्हाईक अडतीस हातात घेऊन मान खाली घालून बाहेर येतं. मी सव्वीस वर्षं त्याच दुकानात जिन्याखाली मशीन घेऊन बसते, लोकांच्या कमरा आत घेते, लांब्या कमी करते. एवढ्या वर्षांत त्याचा आकडा चुकल्याचं मला तरी आठवत नाही. बढाई मारायची तर मी माझ्या शिलाईची मारीन, पण खरं ते खरं.

त्याचं काउंटर हाफपँटींचं. मालकांना ते दुकानातलं सगळ्यात हलकं काउंटर वाटतं. त्याला तसं वाटत नाही. ‘फुल पँट माणसाचं सगळं झाकते,’ तो म्हणतो, ‘हाफपँट काहीच झाकत नाही. म्हणून तीच जास्त नीट निवडायला लागते.’ कुणी प्रवासाला निघालं आहे असं कळलं की त्याच्या अंगात येतं. कापड मुठीत चुरगळून सोडायचं, सुरकुती राहिली तर ते बाजूला. रंग असा की धूळ बसली तरी ओरडून सांगणार नाही. उभं राहिल्यावर गुडघ्याच्या वर दोन बोटं. पुढून बटण आणि चेन, म्हणजे चार माणसांत पँट वाटते. मागून अर्धं इलॅस्टिक, म्हणजे बसमध्ये सात तास बसलं तरी पोटाला काचत नाही. मग गिऱ्हाईकाला तो स्टुलावर बसवणार, उकिडवं बसायला लावणार, खिशात किल्ल्या आणि फोन घालून दारापर्यंत चालवणार. खिसा मांडीवर आपटला की पँट परत शेल्फात. ‘आपटणारा खिसा आणि घोरणारा सोबती, दोन्ही घरी ठेवून जायचं,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक हसतं. मी नाही हसत, मी ते हजार वेळा ऐकलं आहे.

आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. कुणाची कंबर उतरलेली दिसली की हा खुलायचा. ‘वा साहेब! दोन इंच उतरली म्हणजे दहा वर्षं उतरली की!’ समोरचा माणूस आरशात वळून वळून स्वतःकडे बघायचा आणि एकाऐवजी दोन घेऊन जायचा. यात खोटं काही नव्हतं. त्याला खरंच दिसायचं आणि तो खरंच सांगायचा. फक्त प्रत्येक उतरलेली कंबर चांगलीच बातमी असते, असं तो धरून चालला होता. आम्ही सगळेच.

त्याचा मोठा भाऊ, त्याचा दादा, गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा आणि हा सहा. दादाने त्याला पंपघरातल्या बाकावर झोपवून, मोटारीच्या घरघरीत पाढे पाठ करून घेऊन वाढवला. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, ‘पहाटे चारला व्हॉल्व्ह उघडणाऱ्याशी कोण संसार करणार?’ बदली माणूस कायम दांडी मारायचा, म्हणून सुट्टी नाही. कुणाच्या लग्नाला गेला तरी पंगत उठायच्या आत परत. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्या माणसाने आपल्या पाण्याची टाकी दिसत नाही अशा जागी एक रात्र काढली नव्हती. त्याचे तुकडे पडले असते तरी पाणी वेळेवर आलं असतं.

तो रिटायर झाला आणि पाणीखात्यातल्या निवृत्त मंडळींच्या ट्रिपमध्ये त्याने नाव घातलं. अठरा दिवस. आधी समुद्र, मग बर्फ. निघायला तीन महिने अवकाश होता, पण दादाने दुसऱ्याच दिवशी एक लहान बॅग आणून कोपऱ्यात ठेवली. माणशी एकच लहान बॅग, असं ट्रिपवाल्यांनी बजावलं होतं. म्हणून एकच हाफपँट अशी हवी होती जी बसमध्ये चालेल, किनाऱ्यावर चालेल, हॉटेलच्या जेवणघरात चालेल, आणि परत आल्यावर घरीही रोज घालता येईल.

त्यासाठी दादा आमच्या दुकानात आले. धाकटा भाऊ बावीस वर्षं जिथे उभा होता, ती जागा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. खाकी फुल पँट, इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. टेपने मालकांना बोलावलं, मला जिन्याखालून उठवलं. ‘हे माझे दादा,’ असं त्याने तीनदा सांगितलं. मग नेहमीसारखं एक पाऊल मागे घेऊन बघितलं.

‘बत्तीस,’ तो म्हणाला.

‘छत्तीस रे,’ दादा म्हणाले. ‘वीस वर्षं छत्तीसच घालतोय.’

‘बत्तीस, दादा. पट्ट्याला नवीन भोकं पाडलीस ना? दोन. दिसतात मला.’

दादांनी पट्ट्यावर हात ठेवला आणि लाजले. बत्तीस घालून बाहेर आले तर अगदी बेतून शिवल्यासारखी बसली. टेपला इतका आनंद झाला की तो अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडला, ‘बघा हो! रिटायर काय झाला, चार इंच उतरवली गड्याने! दादा, आता तुझ्यासाठी मुलगी बघायला हरकत नाही!’ सगळे हसले. मीही हसले. दादा आरशासमोर आपल्या पायांकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत उन्हात न आलेले ते पाय पांढुरके दिसत होते. त्यांना स्टुलावर बसवलं, उकिडवं बसवलं, किल्ल्या घालून चालवलं. चालता चालता दादा सहज म्हणाले, ‘हल्ली दोन घास खाल्ले की पोट भरतं. अंगमेहनत नाही ना आता.’

माझ्या मनात काहीतरी चुकचुकलं. कंबर बसली होती, पण वाळलेल्या मांड्या पँटीत सैल हलत होत्या. चार इंच व्यायामाने उतरले की मांडी अशी दिसत नाही, हे मला कळतं. पण भावाभावांचा एवढा आनंद चाललेला, त्यात मी कशाला तोंड घालू? मी गप्प बसून मशीनवर परत गेले. याचा दोष मी टेपवर टाकत नाही. तो माझा आहे.

दीड महिन्याने टेप ती हाफपँट पिशवीतून घेऊन आला. ‘ताई, एक इंच आत घ्या. दादा रोज घालतोय, इलॅस्टिक सैल पडलं असेल.’ मी इलॅस्टिक ओढून सोडलं. टचकन जागेवर गेलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने दुसरीकडे बघितलं. मी एक इंच आत घेतला. तीन आठवड्यांनी तीच पँट परत आली.

या वेळी मी ती मशीनवर घेतलीच नाही. ‘अरे, कापडाला काही झालेलं नाही,’ मी म्हटलं. ‘माणसाला झालंय. डॉक्टरकडे ने त्यांना.’

‘तुम्ही शिवा, ताई. बघायचं काम माझं आहे.’

‘मग बघ की! दुनियेची कंबर दिसते तुला, घरातली दिसत नाही?’

तो इतका चिडला की हातातला हँगर त्याने काउंटरवर आपटला. मग तोच उचलून परत जागेवर लावला. ‘तीन आठवडे राहिलेत ट्रिपला, ताई,’ तो म्हणाला. ‘डॉक्टरकडे नेलं तर तो जाऊ देणार नाही. आयुष्यात एकदाच कुठेतरी चाललाय तो. जाऊन येऊ दे. मग नेतो.’

म्हणजे त्याला दिसत होतं. मला वाटतं, सांगायचा धीर होत नव्हता, एवढंच. मी त्याला वाट्टेल ते बोलले. बोलू नये तेही बोलले. शेवटी म्हणाला, ‘मग तुम्ही चला बरोबर.’ मी गेले.

तपासण्या झाल्या. आठवडा त्यातच गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. जठरात गाठ होती आणि ती तिथे थांबलेली नव्हती. त्यांनी दादांना विचारलं, ‘वजन उतरतंय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?’

दादांचा चेहरा उजळला. शेजारी बसलेल्या टेपच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘मला कुठलं कळतंय! याने ओळखलं. अडीच महिने झाले. लांबून नुसतं बघितलं आणि सांगितलं, चार इंच. भर दुकानात. माप न घेता सांगतो हा, डॉक्टर. फार तयार नजर आहे याची.’

डॉक्टरीणबाईंनी टेपकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. नंतर दादांना बाहेर बसवून त्यांनी आम्हाला सांगितलं, ‘तेव्हा आणलं असतं तर नक्की काय झालं असतं हे सांगता येत नाही. पण करण्यासारखं काहीतरी हातात होतं.’ त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. टेप नुसता हो हो करत मान हलवत राहिला, गिऱ्हाईकाचं ऐकताना हलवतो तशी.

ट्रिप निघाली त्या दिवशी दादा हॉस्पिटलच्या कॉटवर होते. दवाखान्याच्या पायजम्याची नाडी पोटाला रुतायची, म्हणून ते तीच हाफपँट घालून पडलेले असायचे. मी ती आणखी दोनदा आत घेतली होती. मागची शिवण आता खिशाला टेकली होती. रोज दुपारी दुकान जेवणासाठी बंद झालं की टेप जायचा. कधी कधी मी डबा घेऊन सोबत जायचे. दादांचा एकच खेळ ठरलेला. नवीन नर्स आली की तिला सांगायचं, ‘हा माझा धाकटा. बघून कंबर सांगतो. सांग रे, माझी सांग.’ आणि टेप दरवेळी काहीतरी हसून टाळायचा, पाणी आणतो म्हणून उठायचा.

एकदा तो उठला नाही. नर्स उभी होती, मी डब्याचं झाकण उघडत होते. दादा म्हणाले, ‘सांग की.’

‘सव्वीस,’ तो म्हणाला.

नर्स सलाइन बघून निघून गेली. टेपने कॉटची दांडी दोन्ही हातांनी धरली. ‘दादा, त्या दिवशी मला सगळं दिसलं होतं. पट्ट्याची भोकं दिसली. तू जेवत नाहीस हे तू स्वतः सांगितलंस. आणि मी हसलो. लोकांना हाक मारून हसवलं तुझ्यावर. विकायला उभा होतो ना मी! भाऊ म्हणून उभा असतो तर...’ पंचेचाळिशीचा माणूस, नाक गळतंय तेही त्याला कळत नव्हतं.

दादांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, डोळा लागला.

‘तू हसला नसतास तर मी ती घेतलीच नसती,’ ते म्हणाले. ‘या वयात उघडे पाय घेऊन कोण बाहेर पडतं? तू म्हणालास छान दिसतोय, म्हणून पडलो. दीड महिना रोज संध्याकाळी पुलापर्यंत जाऊन यायचो. पायाला वारा लागायचा रे. मला माहीतच नव्हतं, पायाला असा वारा लागतो.’ थोडं थांबून म्हणाले, ‘नाक पूस आधी.’

त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले. ट्रिपवाले अजून परतलेही नव्हते.

दादांनी त्याला मोकळं केलं, असं आमच्या घरी सून म्हणाली. कसलं मोकळं? त्या पुलापर्यंतच्या वाऱ्याची आठवण त्याला जास्तच छळते, हे मी रोज बघते. तो दादांना एवढंच देऊ शकला, आणि ते देताना उपचाराचे दिवस हातचे गेले, ही गोष्ट कुठल्याही बाजूने धरली तरी बोचते. मीसुद्धा अजून माझ्या त्या गप्प बसण्यापाशी येऊन अडते. मला तर माफ करायलाही कुणी उरलं नाही.

तो काउंटरवर अजून उभा असतो. आकडा अजून बरोबर सांगतो. पण कंबर उतरलेली दिसली की आता त्याच्या तोंडून वाहवा येत नाही. पँट हातात तशीच धरून तो हळूच विचारतो, ‘मुद्दाम उतरवलीत, की आपोआप?’ लोकांना ते आवडत नाही. एक जण तणतणत मालकांकडे गेला. मालकांनी दोनदा समज दिली, तिसऱ्या वेळी त्याला मोज्यांकडे टाकीन म्हणाले. त्याने ऐकून घेतलं आणि विचारणं चालू ठेवलं. तो विचारतो तेव्हा माझं मशीन थांबतं. ‘जिम लावलंय हो,’ असं कुणीतरी वैतागून म्हणतं, आणि मी पुन्हा पायडल मारते.

परवा एक जण आला, चाळिशीचा असेल. कुठेतरी फिरायला निघाला होता, खुशीत होता. टेपने विचारलं. त्या माणसाने तोंड उघडलं, मिटलं आणि आरशात स्वतःकडे बघत राहिला.

टेप काउंटरला वळसा घालून त्याच्याजवळ गेला. त्याच्या हातातली हाफपँट काढून घेतली.

‘ही आज नको घेऊ,’ तो म्हणाला. ‘डॉक्टर चारपर्यंत असतात. चल, मी येतो बरोबर.’