राउटरच्या खालचा नंबर

आमच्या चेन्नईजवळच्या तांबरमच्या घरात तीन कॉम्प्युटर होते: बाबांचा, भावाचा आणि माझा. प्रिंटर बाबांच्या मशीनला जोडलेला. वीज जाऊन आली की मशीनांचे आयपी नंबर बदलायचे आणि प्रिंटर कुणालाच सापडायचा नाही. शेवटी वैतागून मी प्रत्येकाला कायमचा नंबर दिला. जेवायला पानं मांडावीत तसा, वयाच्या क्रमानं. शेवटचा आकडा बाबांना दोन, भावाला तीन, मला चार. एक राउटरचा, म्हणजे घरभर नेट वाटणाऱ्या डब्याचा. सगळं कागदावर लिहून भिंतीला डकवलं आणि नंबर कसा घालायचा तेही बाबांना शिकवलं. हौस माझी, दुसरं काय.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. तिथे टेलिफोनचा नंबरसुद्धा हुद्द्याप्रमाणे मिळायचा.

"एक कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"राउटरचा."

"घरात मी असताना?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

पुण्याच्या एम.एस्सी.ला त्यांचा होकार मिळवण्यात महिना गेला होता. ऑनलाइन फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. दुपारी वीज गेली, तासाभरानं आली, पण नेट येईना. मी केबलवाल्यावर फोनवरून यथेच्छ तोंडसुख घेतलं. मग स्टेशनजवळच्या ब्राउझिंग सेंटरवर धावले. आत अंधार. "करंट इल्ल, मा," वीज नाही, असं दारातला माणूस म्हणाला. दुसरं सेंटर गाठेपर्यंत पाच वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचं मशीन उघडलं. नंबराचा शेवटचा आकडा एक. त्यांचं मशीन यूपीएसवर होतं, राउटर नव्हता. तो बंद पडलेला असताना त्यांनी दोनचा एक करून टाकला होता. एका नंबरावर दोघं बसले आणि अख्ख्या घराचं नेट गेलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"त्या डबड्याला दे ना दोन. त्याला काय कळतंय?"

त्या केबलवाल्याला मी काय काय बोलले होते. बाबांना एक शब्द बोलले नाही. राउटरला दोन दिला, बाकीच्या मशीनांवर तसा बदल केला. अर्ध्या तासाचं काम. नेट झकास चालू लागलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तो राग अजून गेलेला नाही.

रविवारी त्यांचे कारखान्यातले मित्र आले. बाबा कौतुकानं सांगत होते, "घरातलं सगळं नेटवर्क हीच सांभाळते. हिला पुण्याला पाठवून आमचं कसं चालायचं?"

मी चहाचे कप उचलून आत नेले. पुढच्या वर्षी फॉर्मचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.