कुस्तीपायी घातलेला लगाम

हे मी आजवर नवऱ्याला सांगितलं नाही, देवीपुढं हात जोडूनही बोलले नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. हसाल तुम्ही. हसा की! अर्धं हसू मलाही येतं.

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभागात आहे. आमच्याकडं एकाच दणकट सर्व्हरच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सहा वेगळे संगणक असल्यासारखे, चालतात — उसाच्या वजनकाट्याचं एक, पगाराचं एक, असं. त्यांचा रोजचा बॅकअप पलीकडच्या इमारतीतल्या डिस्कांच्या एका डब्यात जातो. तो डबा दस्तगीरचाचांनी पारखून निवडलेला. चाचा माझे वरिष्ठ. सर्व्हर उघडायचा कसा, इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं.

आता माझं वेड — कुस्ती. बाप पैलवान, मग पोरीच्या रक्तात दुसरं काय असणार? एका दुपारी मोठ्या मैदानाचं थेट प्रक्षेपण लागलेलं, आणि नेमका बॅकअप सुरू! बॅकअप जायची तार आणि इंटरनेटची तार एकच, त्यामुळं चित्र अडकायला लागलं. पैलवान हवेत उचललेला, आणि तिथंच थांबलेला! मग मी काय करावं? सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपच्या वेगाला लगाम घातला, कुस्ती बघितली, टाळ्या पिटल्या — आणि लगाम काढायचा विसरले. माझी कबुली या विसरण्याची नाही हं. विसरतं माणूस.

ऐन हंगामात काट्याचं मशीन कोसळलं. बॅकअप पूर्ण होता, पण रिस्टोअर, म्हणजे तो डब्यातून परत आणणं, गोगलगायीच्या चालीनं! सकाळी लावलेलं दुपार कलली तरी निम्मं नाही. गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, ड्रायव्हरांचा आरडाओरडा — “काटा हाय का खेळणं?” एमडी साहेब लालबुंद. डबा कुणी निवडला, म्हणाले. “मीच, साहेब,” चाचा म्हणाले.

आणि त्याच क्षणी मला ती कुस्ती आठवली. घातलेला लगाम जाता-येता दोन्हीकडं लागत होता, एवढंच! तोंड उघडलं मी? छे. हळूच जाऊन लगाम काढला. उरलेलं काम पाऊण तासात संपलं. काय केलंस गं, सगळे विचारायला लागले. “जरा ट्यूनिंग केलं,” मी म्हणाले.

ट्यूनिंग! काय ही जीभ माझी!

पुढच्या आठवड्यात माझा सत्कार. फेटा बांधावा तर कारखान्यात चाचांनीच. त्यांनी मन लावून बांधला, तुरा सारखा केला. “लई शोभतंय पोरी!” म्हणाले. त्याच सकाळी साहेबांनी सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून मला दिली होती, आणि त्यांना आवक-जावक टेबलावर बसवलं होतं. मी हसले फोटोला. फोटो छान आलाय, खोटं कशाला बोलू?

किती वेळा सांगता आलं असतं? रोज. त्यांचं टेबल माझ्या दारासमोरच होतं.

चाचा निवृत्त होऊन गडहिंग्लजला गेले. परवा त्यांचा फोन आला — नातीला कॉम्प्युटर घ्यायचाय. “डिस्क कुठली घ्यायची ते तूच सांग बाई. मला त्यातलं काय कळत न्हाय, त्या डब्याच्या वेळी दिसलंच की सगळ्यास्नी!” आणि खळखळून हसले.

त्यांना त्यातलं सगळं कळत होतं. डबा चांगला होता, अजून तोच चालतोय. मी “बरं चाचा” म्हणाले, आणि डिस्कचं नाव सांगितलं.