उजवा पुढचा पाय

मनस्वी दुसऱ्यांदा देशात पहिली आली, त्या सकाळी माझा उजवा हात खांद्यापर्यंत रावजी घाणेकराच्या म्हशीत होता. रेडकू आडवं आलं होतं, म्हैस कण्हत होती, आणि रावजी मदत करायची सोडून गोठ्याच्या दारात मोबाइल बघत उभा.

“अगो डाक्तरीण, तुजी मनी हाय ह्याच्यात! घोड्यावर कशी बसलेय बघ! बघलंस काय?”

“माझा हात कुठं आहे ते बघलंत काय तुम्ही?” मी म्हटलं.

रेडकू जिवंत निघालं, म्हैसही वाचली. रावजीनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मी घरी आले, आंघोळ केली, मोबाइलवर मनस्वीचे मिस्ड कॉल होते, तिला फोन लावून “अभिनंदन गो, किती आनंद झाला!” म्हटलं आणि फोन ठेवला. पोटात दुखत होतं. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं, आमच्या सरकारी दवाखान्यात फक्त ढोरांची औषधं येतात.

मनस्वी माझी चुलत बहीण, माझ्याहून चार महिन्यांनी लहान. रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे डांबरी रस्ता संपतो तिथं आमची वाडी. एकाच घरात दोन चुली, एक आमची आणि एक मनस्वीच्या आईची, हौसाकाकीची. तिचे वडील, भिकाजीकाका, मुंबईला गोदीत होते. शाळेत मी पहिली यायची आणि मनी ढकलत ढकलत वर चढायची. निकालाच्या दिवशी काकी तिला म्हणायची, “दर्शनाचं पाय धुवून पाणी पी जरा.” मनी हसायची. तिला कधी राग आला नाही. मला वाटायचं, मठ्ठ आहे.

बारावीनंतर मी मुंबईला व्हेटर्नरी कॉलेजात गेले आणि ती काकांच्या खोलीवर राहून बीकॉम करू लागली. आमच्या कॉलेजात एनसीसीचं घोड्यांचं पथक होतं. पथकात नाव घातलं ते मी. पांढरी पॅन्ट शिवून घेतली मी. पहाटे उठून पागेतली लीद काढली, खरारा केला, मांड्या सोलवटून घेतल्या, ते सगळं मी. आणि एका रविवारी ही बया काकांनी दिलेला बांगड्याचा डबा मला पोचवायला आली आणि कुंपणाला टेकून बघत राहिली.

आम्हाला शिकवणारे दफेदार राजस्थानचे होते. त्यांनी विचारलं, “ये लडकी कौन है? बैठेगी क्या?”

बसली. चप्पल काढून, ओढणी कमरेला बांधून बसली. घोडा दुडक्या चालीनं निघाला आणि आम्हाला जे जमायला तीन महिने लागले होते, ते तिला तिसऱ्या फेरीत जमलं. घोडा उसळला की आपण उसळायचं, एवढंच असतं ते, पण अंगात असावं लागतं. दफेदार माझ्याकडे वळून म्हणाले, “तेरी बहन है? पहले क्यों नहीं लायी?” त्या दिवशी मी बांगडा खाल्ला नाही, मैत्रिणींना वाटून टाकला.

पथकात दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही घेत, पुढच्या वर्षी तिचंही नाव आलं. आणि त्याच वर्षी तो चर आला. घोड्यावरून ओलांडायला खणलेला, फार तर दीड मीटर रुंद. आमच्याकडे पावसाळ्यात याहून मोठे पऱ्हे, म्हणजे ओहोळ, पोरं दप्तर घेऊन ओलांडतात. माझा घोडा कान टवकारून निघाला होता, त्याला काही अडचण नव्हती. चराच्या तोंडाशी मीच लगाम खेचला. दुसऱ्यांदा खेचला. तिसऱ्यांदाही. माझ्या मागून मनी आली आणि पलीकडे गेली. खाली बघितलंसुद्धा नाही तिनं. मी घरी सांगितलं की अभ्यास वाढलाय म्हणून पथक सोडते. मला अडवलं कोणीच नव्हतं. अडवलं असतं तर निदान कोणावर तरी खापर फोडता आलं असतं.

एका बाबतीत मात्र मी तिच्यापेक्षा वरचढ होते, आणि ते सगळी पागा मानायची. जनावर चालताना कुठला पाय धरतंय ते मला ताबडतोब दिसतं. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकला की घोडं डोकं वर घेतं, अगदी किंचित. एकदा मी एका घोडीचा पाय दाखवला तेव्हा दफेदारांसकट सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या खुरातून पू निघाला. तेव्हापासून मनीनं खूणगाठ बांधून ठेवली, की पाय बघावा तो दर्शूनंच.

मी पदवी घेऊन, परीक्षा देऊन गावाजवळच्या दवाखान्यात रुजू झाले. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी मी इथं शहाणी. मनी बीकॉम होऊन पुण्याला एका रायडिंग क्लबात लागली. घोडे धुवायचे, दाणा द्यायचा आणि दुसऱ्यांचे घोडे फिरवायचे. आमच्या घरात हसले सगळे. मी सगळ्यात जास्त हसले. “बीकॉम करून लीद काढतेय,” असं मी लग्नाकार्यात चार बायकांना सांगितलेलं मला आठवतं.

लीद काढता काढता ती इव्हेंटिंगमध्ये घुसली. हा खेळ तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी घोड्याला नाचवल्यासारखं शिस्तीत चालवायचं, त्याला ड्रेसाज म्हणतात. दुसऱ्या दिवशी क्रॉस कंट्री, म्हणजे रानातून भरधाव सुटायचं आणि ओंडके, पाणी, चर, उतार जे येईल त्यावरून उड्या मारायच्या. तिसऱ्या दिवशी मैदानात मांडलेले रंगीत बांबू न पाडता ओलांडायचे. तिन्ही दिवस घोडा एकच, माणूस एकच. मधल्या दिवशी माणसं पडतात. मनी पडली, खांद्याजवळचं हंसळीचं हाड मोडलं, सहा आठवड्यांनी पुन्हा बसली. पुढच्या वर्षी मनगट. मला बातमी कळायची तेव्हा वाईट वाटायचंच, नाही कशाला म्हणू. पण त्या वाईटाच्या खाली कुठंतरी असंही यायचं, की आता पुरे करील बाई.

तिनं पुरे केलं नाही. एका मालकानं तिला उस्ताद नावाचा गडद तांबडा घोडा दिला, तो दुसऱ्या कोणाला पाठीवर बसू देत नसे. उस्तादवर ती एकदा देशात पहिली आली, मग दुसऱ्यांदा. रत्नागिरीच्या पेपरात चार रकाने फोटो. एसटीत कंडक्टर मला विचारी, “तुम्ही त्या घोडेवालीच्या कोण?” मी दहा वर्षं या तालुक्यातल्या गाईंची बाळंतपणं केली, बकऱ्यांची पोटं फाडून शिवली, आणि मी कोण, तर घोडेवालीची कोण!

सगळ्यात चीड यायची ती एका गोष्टीची. प्रत्येक निकाल ती आधी मला कळवायची. आईला नंतर, मला आधी. आणि प्रत्येक मुलाखतीत सांगायची, “मला घोड्यापर्यंत माझ्या बहिणीनं नेलं.” हौसाकाकी पेढे घेऊन यायची आणि म्हणायची, “खा गो बाय, ह्यो तुजाच हाय.” मी खायची. ती जरा चढेल असती, एखादा टोमणा मारला असता, तर मी सुखानं तिचा द्वेष केला असता. पण नाही, तेवढंही सुख तिनं दिलं नाही.

तिसरी स्पर्धा पुण्याजवळ होती. मनी तेव्हा छत्तीस वर्षांची, उस्ताद सोळाचा. यात पहिली आली असती तर परदेशात जाणाऱ्या भारताच्या संघात तिचं नाव नक्की होतं, आणि दोघांच्याही वयाकडे बघता पुन्हा संधी येणार नव्हती. तिनं फोन केला. “या वेळी ये गो. उस्तादचे पाय बघायला तू हवीस. तू असलीस की मला धीर येतो.” मी रजा टाकली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी क्रॉस कंट्रीला तिथल्या चराजवळच जाऊन उभी राहिले. आमच्या चराच्या दुप्पट होता. उस्ताद आला, जमीन हादरली, आणि दोघं डोक्यावरून गेल्यासारखी गेली. तोंडावर चिखल उडाला माझ्या. बाजूचे लोक ओरडत होते, आणि मी रडत होते. त्यांना वाटलं, आनंदानं. मला फक्त दिसत होतं की हे माझं होतं. पॅन्ट मी शिवली होती, नाव मी घातलं होतं, आणि लगामसुद्धा मीच खेचला होता. संध्याकाळी फलकावर तिचं नाव सगळ्यांत वर.

तिसऱ्या दिवशी उड्यांच्या आधी एक रिवाज असतो. प्रत्येकानं आपला घोडा हातात धरून पंचांपुढे कडक जमिनीवर पळवून दाखवायचा. लंगडला तर बाद. म्हणून तिथं नेण्याआधी जो तो आपल्या माणसाकडून पागेमागे खात्री करून घेतो. सकाळी सात वाजता मनीनं उस्तादला बाहेर काढला. “बघ गो,” म्हणाली आणि त्याच्या बाजूनं पळत सुटली.

पहिल्या खेपेला मला वाटलं, उजवा पुढचा पाय टेकताना डोकं जरा वर गेलं. वाटलं फक्त. मी म्हटलं, “परत.” दुसऱ्या खेपेला काही नव्हतं. मी म्हटलं, “आणखी एकदा.” तिसऱ्या खेपेला तो घोडा इतका सरळ, इतका सुरेख पळाला, की तसा पळणारा घोडा मी आजवर बघितलेला नाही. मनी त्याच्या बाजूला धापा टाकत होती, केसांत गवत अडकलेलं, आणि चेहरा असा, की जगात हिला दुसरं काही नकोच आहे.

“उजवा पुढचा,” मी म्हटलं. “धरतोय.”

“नक्की?”

“मला दिसतंय मने.”

मला वाटलं होतं, ती भांडेल. दुसऱ्या डॉक्टरला बोलवील. निदान पंचांपुढे नेऊन नशीब तरी अजमावील. मी मनातल्या मनात म्हणतही होते, भांड ना गं, ने ना त्याला. ती वाकली, त्याच्या पायावरून हात फिरवला, मग त्याच्या मानेला कपाळ लावून थोडा वेळ उभी राहिली. “तू म्हणतेस म्हणजे असणार,” म्हणाली, “सोळा वर्षांचाय तो. आज उड्या मारायला लावल्या आणि पाय गेला तर मी स्वतःला काय तोंड दाखवू?” आणि स्पर्धेच्या ऑफिसात चालत जाऊन तिनं उस्तादचं नाव काढून घेतलं.

मी तिथंच उभी होते. तोंड उघडायला वेळ भरपूर होता. ऑफिसपर्यंतचं अंतर दोनशे पावलं तरी असेल, आणि ती सावकाश गेली.

दुपारी तिथल्या घोड्यांच्या डॉक्टरांनी उस्तादला तपासलं. खूर चिमट्यानं दाबून बघितलं, सांधे दुमडून बघितले, पळवून बघितलं. काहीच नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता कळलं हिला. मनी धावत माझ्याकडे आली आणि गळ्यातच पडली. “काही झालेलं नाही गो त्याला! अगदी वेळेवर बघितलंस. आणखी एक उडी, की गेला असता पाय.” ती हुंदके देत हसत होती. तिच्या जागी दुसऱ्या बाईचा सुवर्णपदकासाठी पुकारा होत होता, तो तिनं ऐकलासुद्धा नाही.

संघ तिच्याविना गेला. उस्ताद आता उड्या मारत नाही, क्लबात सुखानं म्हातारा होतोय. मनी मुलांना शिकवते. नवा घोडा घ्यायचा असला की मला व्हिडिओ पाठवते, आणि मी हो म्हटल्याशिवाय क्लब घोडा घेत नाही.

गेल्या मे महिन्यात वाडीनं तिचा सत्कार केला. देवळापुढे मांडव, सगळे चाकरमानी आलेले, रावजी घाणेकर पहिल्या रांगेत. मनीला शाल दिली, श्रीफळ दिलं, बोलायला सांगितलं. दोन्ही विजेतेपदांबद्दल ती दोन वाक्यं बोलली असेल. बाकी सगळा वेळ त्या सकाळबद्दल. “पदकाच्या पायी मी माझ्या घोड्याचा पाय घालवणार होते,” ती म्हणाली. “माझ्या बहिणीनं तो वाचवला. एवढं मोठं बक्षीस समोर असताना खरं बोलायला छाती लागते. माझ्यात ती नव्हती, तिच्यात होती.” अंगावरची शाल काढून ती खाली आली आणि तिनं ती माझ्या खांद्यावर घातली. हौसाकाकी पदरानं डोळे पुसत होती. सगळी वाडी उभी राहून टाळ्या वाजवू लागली, पहिल्यांदाच माझ्यासाठी.

मी उठले आणि हात जोडले. खोटं कशाला सांगू, टाळ्या फार गोड लागल्या.